पान चारशे बारा

तत्त्वज्ञानाच्या विभागप्रमुखांच्या निरोपसमारंभात कौतुकाला ऊत आला होता. “आधुनिक युरोपीय विचारांचा सूर्य!” प्राचार्य गरजले. ‘सूर्य कसला, आयत्या बिळावरचा नागोबा,’ ग्रंथपाल बाई मनात म्हणाल्या. बावीस वर्षांपूर्वी याच सरांनी त्यांचा प्रबंध ‘स्वतंत्र विचार शून्य’ असा शेरा मारून नाकारला होता आणि पुढच्याच वर्षी स्वतःचं गाजलेलं पुस्तक काढलं होतं. त्यात बाईंचीच प्रकरणं, बाईंच्याच तळटीपा होत्या. तीनशे बाराऐवजी बाईंनी चुकून लिहिलेलं पान चारशे बारासुद्धा जसंच्या तसं होतं. त्या तळटीपेत उल्लेखलेला मूळ जर्मन ग्रंथ सरांनी कधी उघडलाच नव्हता. तो बावीस वर्षं ग्रंथालयात धूळ खात होता. आज तो घेऊन बाई व्यासपीठावर गेल्या. “सर, तळटीपेतलं पान चारशे बारा वाचून दाखवा ना!” सर ऐटीत पानं उलटू लागले. ग्रंथ तीनशे ऐंशी पानांवर संपत होता.