खांदशेकणी

"फक्त 'राग आला' एवढंच म्हणा, अंबूबाई. फाशी टळेल," वकिलांनी बजावले होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकत बसलेल्या नवऱ्याच्या मानेत तिने कुऱ्हाड घातली होती. बुलढाण्याच्या कोर्टात डॉक्टरांनी तिच्या पाठीवरच्या चाबकाच्या जुन्या वळांची साक्ष दिली.

"त्या दिवशी त्याने मारले होते?" न्यायाधीशांनी विचारले.

"नाही, साहेब."

"मग राग कशाचा आला?"

वकिलांनी डोळ्यांनी खुणावले.

"राग नाही आला, साहेब. तो बैलाच्या खांद्यावर हात फिरवून पुसत होता, 'लय दुखलं का रे, राजा?' मले त्या बैलाचा हेवा वाटला."