व्हर्ना कोचचे कप

"वरून नाही, खालून सुरुवात करायची," व्हर्ना म्हणाली. "शेवटचा कोण, ते आधी ठरतं. प्लेझंट हिल दे."

लिओनानं फळीवरून पिवळा कप काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर अगदी डावीकडे ठेवला.

"तो डेलबर्ट त्यांचा कोच आहे तोवर ते तिथंच राहणार," व्हर्ना म्हणाली. "संघ बुडाल्यावर टाइमआउट घेतो बापडा."

लिओना हसली. पुष्कळ दिवसांनी आई कुणाची तरी टिंगल करत होती.

त्यांच्या विभागात मुलींच्या व्हॉलीबॉलची आठ कॉलेजं. प्रत्येकाचा एक कॉफीचा कप व्हर्नाकडे होता. दर वर्षी मे महिन्यात ती ते ओळीनं मांडायची. येत्या हंगामात कोण कितवा येणार, ते त्या ओळीवरून कळायचं. गावचं वर्तमानपत्र तिचा क्रम छापायचं आणि तो सहसा चुकत नसे. हंगामाआधी सगळे प्रशिक्षक संघांचा क्रम ठरवायला मतदान करतात, त्यातला नियम ती घरातही पाळायची. आपला संघ धरायचा नाही. ती स्वतः ब्लू क्रीकची कोच, त्यामुळे त्यांचा लाल कप कधीच ओळीत गेला नाही. ती त्यातून कॉफी प्यायची.

ती निवृत्त झाली आणि ब्लू क्रीकचा संघ लिओनाकडे आला. तरीही लाल कप आईच्या हातातच राहिला. आपला संघ आईला कसा वाटतो, एवढं एकच लिओनाला इतकी वर्षं ऐकायचं होतं. यंदा ऐकलं नाही तर ते कायमचं राहून जाणार होतं. मका कापणीला येईपर्यंत आई असेल की नाही, हे सांगायला इथले, शुश्रूषागृहातले डॉक्टर तयार नव्हते.

"रस्ता कसा होता?" व्हर्नानं विचारलं. "केवढ्या लांबून येतेस."

लिओनाचं घर धान्याच्या कोठारापलीकडे, जेमतेम दहा मिनिटांवर होतं. "कोठारापाशी खणून ठेवलंय," ती म्हणाली. "वळसा पडला."

तिनं कोलाच्यांचा, गोड सारणाच्या पावांचा खोका उघडला. व्हर्नानं खसखशीचा उचलला आणि खोका तिच्याकडे सरकवला. "जर्दाळूचा तू घे. तुझ्यासाठीच ठेवलाय."

लिओनाला जर्दाळू कधीच आवडला नव्हता. तिनं मुकाट्यानं खाल्ला. आईनं हात पुढे करून तिच्या हनुवटीला लागलेली साखर पुसली. असं तिनं याआधी कधी केलं होतं, ते लिओनाला आठवेना.

एकेक कप ओळीत जात राहिला. सेंट लुद्मिलापाशी व्हर्ना बराच वेळ थांबली आणि मग त्याला दुसरा नंबर दिला. आता फळीवर एकटा लाल कप उरला होता. हॉलिसचा हिरवा कप व्हर्नानं सकाळपासून मांडीवर धरून ठेवला होता.

लिओनानं त्याचा विषय काढला नाही. हॉलिस म्हणजे मार्लिस. मार्लिस लिओनाची धाकटी बहीण, आईच्या हाताखाली तयार झालेली. एका हिवाळ्यात ती हॉलिसची मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेली, आणि जाताना संघातल्या दोन चांगल्या पोरी घेऊन गेली. गाडीनं चार तास लागतात तिथं जायला. त्यानंतर आईनं तिचा फोन घेतला नाही, घरात तिचं नावही काढू दिलं नाही. तो कप ओळीत यायचा तोही बहुधा तळाला. यंदा तेवढंही नाही. मरताना तरी आईनं राग सोडायला हवा होता, असं लिओनाला वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं.

"आता ब्लू क्रीक," व्हर्ना म्हणाली.

लिओनाचा हात थबकला. "ब्लू क्रीक?"

"पहिलं ठेव."

"सेटरचा गुडघा गेलाय, आई. उंच पोरगी दुसऱ्या कॉलेजात गेली. सहावा आला तरी पुष्कळ झालं."

"ते मला सांगतेस होय? सेटर नसेल. कोच आहे ना. चिवट बाई आहे ती. पोरी तिच्यासाठी जमिनीवर अंग टाकतात. तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही मी, पण या विभागात मला धास्ती वाटते ती तिचीच."

जिममध्ये आईनं पोटच्या मुलींना मुलींसारखं कधी वागवलं नव्हतं. त्या समोर उभ्या असल्या तरी त्यांच्याबद्दल 'ती' म्हणूनच बोलायची. लिओनानं लाल कप दोन्ही हातांनी उचलून अगदी उजवीकडे ठेवला. व्हर्ना कोचनं खोटा नंबर कुणालाच दिला नव्हता. आणि नियमही मोडला नव्हता; ब्लू क्रीक आता तिचा संघ नव्हता. आज तिनं संघ खरोखर लिओनाच्या हवाली केला होता. लिओना खिडकीबाहेर बघत राहिली. डोळे पुसले असते तर आईला कळलं असतं.

शुश्रूषागृहातली परिचारिका ट्विला गोळ्या घेऊन आत आली.

"अरे वा, कोच! मांडलंत का दुकान?" तिनं ओळीवरून बोट फिरवलं. "हे काय, सातच? हॉलिस वाटेत सांडलं का?"

"राहू दे, ट्विला," लिओना घाईघाईनं म्हणाली.

व्हर्नानं दोघींकडे पाहिलं. मग नवख्या खेळाडूला समजावताना हसायची तशी ती हसली, आणि मांडीवरचा हिरवा कप तिनं लिओनाच्या हातात दिला.

"तूच सांग हिला," ती म्हणाली. "आपला संघ आपण धरत नाही, मार्लिस."