मारुतीला बोललेलं मौन

"मारुतीला नवसाचा नारळ तर कोणीबी बोलतंय. तू आठ दिवसांचं मौन बोल," असं कांचननं माझ्या लेकीला, प्रेमाला, सेनगावच्या काव्यवाचन स्पर्धेआधी सांगितलं होतं. दोघी नववीत, एकाच बाकावरच्या. प्रेमाला ते पटलं, कारण मी दर सोमवारी मौन धरते आणि नेमकं त्याच दिवशी घरातले सगळे माझं ऐकतात.

प्रेमाचा तालुक्यात पहिला नंबर आला, कांचनचा दुसरा. जिल्ह्याची फेरी चार दिवसांवर होती आणि प्रेमा खुणा करून पाणी मागत होती.

मराठीचे सर घाईघाईनं घरी आले.

"ताई, हिंगोली आत्ता कुठं जिल्हा झालाय, आपली शाळा पहिल्यांदा चाललीय. पोरीला दिवाळीच्या सुट्टीत मौन धरू द्या की. मारुती काय पळून चालला?"

"काम झालं की लगेच फेडायचं असतं, सर," मी हळूच म्हणाले. "पुढच्या खेपेला त्यानं आपलं काहून ऐकावं?"

प्रेमाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलते कशी?

"मग दुसऱ्या नंबरलाच न्यावं लागंल," म्हणत सरांनी सायकल वळवली.



संध्याकाळी कांचन आमच्या दारावरून मारुतीकडे निघाली होती. मी हाक मारली तशी ती हातातला नारळ ओढणीखाली लपवत म्हणाली, "हिंगोलीचं काम झालं, काकू. लगेच फेडायचं असतं ना?" आणि झपाझप चालू लागली.