दहापर्यंत

मार्ताआजीचा, म्हणजे मार्च महिन्याच्या आजीचा सण होता, एक मार्च. थंडी सरावी, वर्षभर अंगात जोर राहावा म्हणून सगळे एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढरे दोरे बांधत होते. शाळेची घंटा व्हायच्या आतच ओग्न्यानचे दोरे कोपरापर्यंत पोचले होते.

कालिना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचं मनगट मोकळंच होतं. हातात तिने स्वतः वळलेला एकच दोरा होता. वर्गाशेजारच्या छोट्या खोलीत टिको नावाच्या यंत्रमानवाबरोबर तिने महिनाभर हेच घोटलं होतं. डोळ्यांकडे बघायचं, शुभेच्छा द्यायच्या, मग मनात दहापर्यंत मोजायचं. तेवढ्यात समोरच्याचा हात पुढे येतो. टिकोचा रोज यायचा.

"मार्ताआजीच्या शुभेच्छा," ती म्हणाली.

"अगं, जागा कुठाय आता? दप्तराला बांध की," ओग्न्यान म्हणाला.

कालिना मोजत राहिली.

"बघतेय काय अशी घुबडासारखी!" मागून तोन्का म्हणाली. मुलं हसली. ओग्न्यानही हसला, त्याच्या मनात काही नव्हतं. मग कुणीतरी हाक मारली आणि तो पळाला. कालिना तेव्हा सहावर आली होती.

दोब्रिन्का बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या, परत बसल्या. कालिना वर्गाबाहेर पडली, तेव्हा मात्र त्या तिच्या मागोमाग गेल्या.

छोट्या खोलीत यंत्रमानव पुरवणाऱ्या केंद्राचा माणूस खोकं उघडून बसला होता. टिको आजपासून दुसऱ्या गावच्या शाळेत जायचा होता.

"एकदाच सुरू करा हो," बाई म्हणाल्या.

टिकोचे डोळे निळे झाले. कालिनाने शुभेच्छा दिल्या. "तुलाही शुभेच्छा!" म्हणत त्याने हात पुढे केला. तिने दोरा बांधला, वर आणखी एक गाठ मारली. टिकोचा हात खाली गेला.

"झालं ना गं बाळ? चला, झोपवू आता याला," तो माणूस म्हणाला.

कालिनाने आपला हात पुढे केला.

"तुलाही शुभेच्छा!" टिको म्हणाला आणि त्याने पुन्हा स्वतःचाच हात पुढे केला.

माणसाने बाईंकडे पाहिलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "याला एवढंच येतं, बाई. बांधायचं यात घातलेलंच नाही."

बाईंच्या कोटाच्या खिशात एक दोरा होता. तो काढून त्या पुढे झाल्या. "कालिना, मी बांधते ना."

"थांबा. मी मोजतेय."

दोन हात समोरासमोर तसेच होते. कालिनाचे ओठ हलत होते. आठ. नऊ. दहा.

तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.