वेष्टनाला लावलेली हळद

"आई, ह्याला हळद कोणी लावली?" सुहास ओरडला. तो जेमतेम आंघोळीपुरता अंड्याजवळून उठला होता.

आई तबक घेऊन तिथेच उभी होती. "मीच लावली. सातवा लागला ना? सुनेची ओटी भरली, मग म्हटलं, बाळालाही हळदकुंकू लावावं."

ओल्या शेवाळाच्या परातीत कलिंगडाएवढं ते अंडं होतं. सकाळपर्यंत पाण्यासारखा नितळ असलेला त्याचा गर आता पिवळा आणि घट्ट झाला होता. रेवतीचं गर्भाशय काढल्यावर डॉक्टरांनी तिच्या पोटात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या बेडकीच्या बीजवाहिनीतली ग्रंथी बसवली होती. ती ग्रंथी अंड्याभोवती गराचं वेष्टन चढवते; रेवतीने घातलेल्या अंड्याच्या त्या गरात बाळ असं घरात, तळ्याविना वाढत होतं. गर ओला ठेवायचं काम बापाचं; त्या बेडकांत नरच ते करतो. बाळ श्वासही गरातूनच घ्यायचं, आणि हळदीने तो श्वासच कोंडला होता.

"डॉक्टर म्हणतात, पुसू नका, फाटेल. ते निघालेत," फोन कानाशी धरून रेवती रडत म्हणाली.

"निघालेत! अजून घाट चढायचाय त्यांना!"

आत इवलीशी मूठ उघडली. तळवा गराला टेकला आणि ढकलू लागला.

त्या बेडकीच्या पिलाला वेष्टन फाडायला नाकाशी बारीकसा दात येतो. बेडकीचं बाकी सगळं घेतलं, तेवढा दात बाळाला द्यायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

"आई, तबक ठेव खाली. टॉवेल धर," सुहास म्हणाला, आणि त्याने आपलं नख गराला लावलं.