हळद्याची शिट्टी

"अहो, खिडकीची जाळी उघडी राहिली आणि हळद्या उडाला," शालन धापा टाकत म्हणाली. दत्ताराम चहाचा कप तसाच ठेवून स्वयंपाकघरात धावला. खिडकीसमोरच्या बदामाच्या शेंड्यावर त्यांचा पाळीव कॉकॅटील पोपट पिवळा तुरा ताठ करून बसला होता, आणि वर एक घार घिरट्या घालत होती. शालनने घसा सुकेपर्यंत हाका मारल्या, पण तो जागचा हलेना.

हळद्याला माणसाचा एक शब्दही बोलता येत नसे. कुकरची शिट्टी मात्र तो हुबेहूब वाजवी. त्या शिट्टीला फसून शालन गॅस बंद करी आणि वरण कच्चं राही. कालच दत्तारामने ताट सरकवून बजावलं होतं, "या घरात तो तरी राहील, नाहीतर मी."

आता तोच दत्ताराम कुकर शोधत होता. "डाळीत पाणी किती घालतेस गं?" असं विचारत त्याने जन्मात पहिल्यांदा कुकर लावला आणि गॅस मोठा केला. घार खाली खाली येत होती.

कुकरने शिट्टी दिली. क्षणभर काहीच नाही, आणि मग बदामावरून तश्शीच शिट्टी आली. पुढच्या शिट्टीला तर हळद्या बाणासारखा खिडकीतून आत शिरला. जाळावर झेपावेल म्हणून दत्तारामने झटकन गॅस बंद केला, तोवर तो थेट त्याच्या टकलावर येऊन बसला होता.

जेवताना शालन हसू दाबत म्हणाली, "वरण कच्चं राहिलंय हो."

"वाढ अजून," दत्तारामने वाटी पुढे केली.