मोसंबीला जामीन

गुणाबाईंनी कोयत्याची धार मोसंबीच्या बुंध्याला टेकवली आणि झाडालाच दम दिला, "खातंस, पितंस, आन् देत काय नाय. तोडू का तुला?"

आता शशिकलाबाईंनी मध्ये पडायचं होतं. शेजारच्या गुणाबाईंच्या गावची रीतच तशी. न फळणाऱ्या झाडाला एकाने कोयता दाखवायचा आणि दुसऱ्याने जामीन राहायचं, की राहू दे, पुढच्या बहाराला देईल. झाड घाबरतं आणि फळतं. गुणाबाईंच्या सासऱ्यांनी एका फणसाला असा दम भरला होता म्हणे, तर शेजारच्या विजेच्या खांबालाही दोन फणस धरले.

शशिकलाबाई मात्र पायरीवर बसून नुसत्या खोकत होत्या. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "तोडा बाई. एकदाची सुटेन."

"असा जामीन असतो काय गं बाय?"

तेवढ्यात घरातून प्रभाकरराव धावत आले. अर्धी दाढी साबणात. ते बुंध्यापुढे उभे राहिले. "राहू द्या, गुणाबाई. पुढच्या बहाराला नक्की देईल. मी जामीन."

बायकोच्या दुखण्यातही कधी एवढा उतरला नव्हता, असा त्यांचा चेहरा उतरला होता. गुणाबाईंनी कोयता पदराआड घेतला.

नवीन पनवेलच्या त्या बैठ्या घरात सगळं अडलं होतं ते या झाडापाशी. प्रभाकरराव न्हावा शेव्याच्या बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हाच पुण्याला लेकीजवळ जायचं ठरलं होतं. अनुयाने घर बघून ठेवलं होतं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, की बाईंना इथली हवा मानवत नाही, जागा बदला. संध्याकाळी तळोज्याच्या कारखान्यांकडचा वारा सुटला की शशिकलाबाईंची छाती भरून यायची. नाक तर कायमचंच बंद. फोडणी करपली तरी त्यांना ती डोळ्यांनी बघावी लागे.

प्रभाकररावांनी कधी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "हाताने लावलेलं झाड आहे. त्याचं एक फळ खातो, की लगेच निघू."

एका फळासाठी माणसाला नाही कसं म्हणायचं? शशिकलाबाई थांबल्या. आणि झाड काही फळेना.

सेवेत कसूर नव्हती. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग आळं खणून शेणखत भरायचं, सगळं प्रभाकरराव स्वतः करायचे. कळ्याही येत. पण टिकत नसत.

"तळोज्याची हवा," ते सुस्कारा टाकत. "फूल धरतच नाही."

"मला बाधते तीच ना?"

"तीच."

"मग आपण तरी निघू या."

"फळ धरलं की."

या बोलण्याचाही शशिकलाबाईंना आता कंटाळा आला होता. सकाळी त्या उठायच्या, तोवर झाडाला पाणी घालून, परडीभर फुलं काढून प्रभाकररावांची पूजा आटोपलेली असे. निर्माल्याची कापडी पिशवी मागच्या दाराच्या खिळ्याला टांगलेली. तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. ती भरली, की फिरायला जाताना ते स्वतः गाढी नदीत सोडून येत. शशिकलाबाईंनाही देवाचं हे एक काम अंगावर नाही, याचं बरंच वाटे.

जामीन राहूनही तो बहार गेला. त्या थंडीत खोकला इतका वाढला, की शशिकलाबाईंना भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपावं लागे. भांडायला दम उरला नव्हता.

मग एकदा बाजारात त्यांना देठासकट, दोन पानं असलेली मोसंबी दिसली. त्यांनी ती पदराखाली घालून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव दूध आणायला गेल्यावर त्यांनी स्टूल लावलं. शिवणाच्या डब्यातल्या हिरव्या दोऱ्याने मोसंबी आतल्या फांदीला बांधली. गाठ मारेपर्यंत एवढी धाप लागली, की त्या तशाच बुंध्याला मिठी मारून उभ्या राहिल्या. साड्यांच्या किमती सोडल्या, तर नवऱ्याशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, ते आत काय दिसतंय?"

प्रभाकररावांनी चष्मा चढवला. पानं बाजूला केली. आणि पाठमोरे, दोन्ही हात पानांत घालून कितीतरी वेळ उभे राहिले. शशिकलाबाईंनी श्वास रोखून धरला. पण खोकला कुणाचं ऐकतो? उबळ आली ती थांबेचना.

ती ऐकत ते तसेच उभे होते. मग वळले. हातात मोसंबी होती.

त्यांनी ती सावकाश सोलली. एक फोड खाल्ली. "गोड आहे," म्हणाले आणि उरलेली सगळी बायकोच्या हातावर ठेवली. "अनुयाला फोन कर. निघू आपण."

दुपारी शशिकलाबाईंनी हळूच जाऊन पाहिलं. दोरा फांदीवर नव्हता. यांची नजर अधू, सालींबरोबर केरात गेला असेल, म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरी फसवल्याची टोचणी राहिलीच.

सामानाचा टेम्पो दारात लागला, तेव्हा गुणाबाई डोळे पुसत सगळ्या गल्लीला सांगत होत्या, "माझ्या कोयत्याचा गुण हाय." प्रभाकरराव ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते, झाडाकडे न बघता.

शशिकलाबाई घरातून एकदा फिरून आल्या. निर्माल्याची पिशवी खिळ्यालाच राहिली होती. नदीवर जायला आता वेळ नव्हता. मोसंबीच्या आळ्यात ओतलं तरी देवाला चालेल, म्हणून त्यांनी ती झाडाखाली नेऊन उलटी केली.

सुकलेली तगर पडली, जास्वंद पडली. त्यामागून मोसंबीची वाळून तपकिरी झालेली फुलं, ओंजळभर. मग वाटाण्याएवढ्या, सुरकुतलेल्या हिरव्या मोसंब्या. आणि त्यांनी पिशवी झटकली, तेव्हा नीट गुंडाळून ठेवलेला हिरवा दोरा.